प्लस दहाची काच

आत्याचा 'दाखवायचा' फोटो माझ्याकडे आहे. १९७३ सालचा, दादरच्या एका स्टुडिओत काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कडा नक्षीदार कापलेल्या. आत्या तेव्हा बावीस वर्षांची. अंबाड्यावर गजरा, खांद्यावर चुण्या पाडून नीट लावलेला पदर, नजर कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे. 'इकडे बघा' म्हणून स्टुडिओवाल्याने तिथे बोट धरलं असणार. गाल, कपाळ, हनुवटी सगळं एकसारखं तुकतुकीत, वरून मलमल फिरवल्यासारखं. आत्या आजही तो फोटो हातात आला की म्हणते, "छान होती हो ही मुलगी. कोण होती कोणास ठाऊक!"

कारण आत्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. ती वाचली, शेजारच्या खोलीतला तिच्याच वयाचा मुलगा गेला. भारत देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं, त्याच्या वीस वर्षं आधीची ही गोष्ट. वण कपाळावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना थोडे, डाव्या गालावर दाट. आम्ही भाचरं त्या गालाला बोट लावूनच मोठी झालो, त्यामुळे आम्हाला त्यात वेगळं काही दिसतच नाही. ठाण्याहून आलेल्या मंडळींना मात्र दिसलं. मुलाच्या आईने फोटो पर्समधून काढून टीपॉयवर ठेवला, आत्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. पोहे दोनदा घेतले. (हा तपशील आत्या कधीच गाळत नाही.) चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, फोटोत आणि मुलीत फरक आहे. असं आणखी दोनदा झालं. त्याच वर्षी ती महापालिकेच्या शाळेत लागली होती. पुढची पस्तीस वर्षं तिने मुलांना पाढे शिकवले आणि लग्नाचा विषय घरात कोणी काढू दिला नाही.

मी फोटो काढते. पोटापाण्यासाठी नाही, पोट लोकांचे हिशेब तपासून भरतं. रविवारी सकाळी खांद्याला कॅमेरा अडकवून बाहेर पडणाऱ्यांच्या जमातीतली मी. ह्या जमातीत काटेकोरपणाला फार मान. डोळ्याचा फोटो मोठा करून बघायचा आणि पापणीचे केस सुटे मोजता आले की कृतार्थ व्हायचं. मीही पंधरा वर्षं ह्याच पंथाची वारी केली. त्यासाठी कर्ज काढल्यासारखे पैसे घालून ८५ मिलिमीटरची एक लेन्स घेतली. तिच्यातून काढलेला पहिला फोटो मावशीला दाखवला तर ती म्हणाली, "अगं, हे माझं तोंड आहे की चंद्र?"

सॉफ्ट फोकसशी माझी गाठ घालून दिली ती मुंबईच्या हवेने. ऑक्टोबरातली घामट सकाळ होती. एसी लोकलने दादरला उतरले आणि थेट फूलबाजारात शिरले. पिशवीतून कॅमेरा बाहेर काढताच लेन्सवर वाफ धरली. गार काच, ओली हवा, दुसरं काय होणार! रुमाल शोधता शोधता सवयीने एकदा डोळा लावला. समोर झेंडूच्या ढिगामागे एक बाई बसली होती आणि तिच्या पाठीमागून कोवळं ऊन येत होतं. तिच्या केसांच्या कडेने, चमकीच्या खड्याभोवती, खांद्यावरून उजेड ओसंडून बाहेर आला होता. आणि तरी तिचे डोळे जागच्या जागी होते, स्वच्छ, गिऱ्हाईक जोखणारे. मी रुमाल विसरून सात-आठ फोटो काढले. अर्ध्या मिनिटात वाफ उडाली आणि समोर पुन्हा नेहमीचा फूलबाजार उभा राहिला. घरी येऊन बघितलं, तर पहिले दोन फोटो नुसतेच पुसट, चौथ्यापासून पुढचे रोजच्यासारखे. तिसरा मात्र मी अजून कोणाला दाखवताना जरा आवाज खाली करते.

पुसट आणि मऊ ह्यांत फरक काय, हे त्या तिसऱ्या फोटोने मला शोधायला लावलं. फोकस चुकतो तेव्हा प्रत्येक बिंदू फुगून ठिपका होतो आणि ठिपके एकमेकांत मिसळून रेषाच हरवते. सॉफ्ट फोकसमध्ये बिंदू आपल्या जागी बिंदूच राहतो, फक्त त्याच्याभोवती फिकट उजेडाचं वलय पसरतं. एका फोटोत दोन फोटो असतात म्हणा ना, खाली रेखीव आणि त्यावर धूसर. खालचा नसेल तर वरच्याला काही अर्थ नाही. पहिल्या दोन फोटोंत तो खालचा वाफेने गिळला होता.

साध्या भिंगात हे आपोआप होतं. भिंग गोलाकार घासलेलं असतं आणि गोलाकाराचा हा जन्मदोष आहे की मधून जाणारे किरण एका जागी मिळतात आणि कडेकडेने जाणारे त्याच्या अलीकडेच मिळून मोकळे होतात. मधल्यांनी रेखीव चित्र काढायचं, कडेच्यांनी त्यावर धुकं सांडायचं. शास्त्राच्या पुस्तकात ह्याला गोलीय विपथन म्हणतात, कॅमेरावाले स्फेरिकल ॲबरेशन म्हणतात. हा दोष काढून टाकण्यात लेन्स बनवणाऱ्यांच्या पिढ्या गेल्या, आणि मग त्यांच्यातल्याच काहींनी तो परत घालून द्यायचे वेगळे पैसे घेतले. जर्मनीत रोडेनस्टॉकने इमागोन नावाची लेन्स काढली. हाइनरिश क्यून ह्या छायाचित्रकाराचा त्यामागे हात होता. तिच्याबरोबर पत्र्याच्या चकत्या मिळत, मधे एक मोठं भोक आणि भोवती चाळणीसारखी बारीक भोकं. मधल्या भोकातून चित्र, चाळणीतून धुकं. १९८७ साली कॅननने १३५ मिलिमीटरची एक लेन्स आणली, तिच्यावरची कडी फिरवून धुकं कमीजास्त करता येई. ज्यांना ह्यातलं काहीच परवडत नसे ते फिल्टरवर बोटाने व्हॅसलीन फासत, मधला रुपयाएवढा भाग कोरा ठेवून. नाहीतर लेन्सवर मोज्याची जाळी ताणत. मी ओढणीची काळी जाळी लावून पाहिली आहे. पांढऱ्या जाळीने सावल्या राखाडी होतात, काळीने तेवढ्या होत नाहीत. व्हॅसलीनच्या वाटेला जाऊ नका. ते फिल्टरपुरतं राहत नाही. बॅगेत, बटणांवर, चष्म्यावर, शेवटी चपातीवरसुद्धा पोचतं.

ह्या सगळ्यांच्या कितीतरी आधी एक बाई होती. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, जन्म कलकत्त्याचा, १८१५. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्या मुलीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला आणि ती त्यात बुडाली. जाणकार नाकं मुरडत. बाईला फोकस करता येत नाही, काचांवर डाग, बोटांचे ठसे. तिने १८६७ साली काढलेला जॉन हर्शेल ह्या शास्त्रज्ञाचा फोटो मी जेवढ्या वेळा पाहिला असेन तेवढ्या वेळा स्वतःच्या लग्नाचे फोटो पाहिले नसतील. अंधारातून वर आलेला म्हातारा चेहरा, पांढऱ्या केसांचं पिंजारलेलं जाळं, सगळं मऊ. आणि सुरकुती एकसुद्धा कमी केलेली नाही. डोळ्यांखालच्या पिशव्या जशाच्या तशा. मृदू फोटो म्हणजे गुळगुळीत चेहरा, ही माझी समजूत त्या फोटोने मोडली.

तेव्हाच मनात आलं की आत्याचा असा फोटो काढायचा.

विचारायला गिरगावात गेले. चाळीतला दुसरा मजला, तीच खोली, तीच गॅलरी. त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या मुलाने त्याच्या फोनवर तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. फोनने आपल्या अकलेने तिचा चेहरा शोधून त्यावर रंधा मारला होता. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई मेणाच्या बाहुलीसारखी दिसत होती, मान मात्र चौऱ्याहत्तरचीच राहिली होती. मुलगा बिचारा म्हणाला, मी काहीच केलं नाही, ते आपोआप होतं. आत्याने तो फोटो माझ्यासमोर धरला.

"ही कोण?"

"तूच आहेस."

"एकदा पुसून झालेत माझे वण. आता परत नको. तुला काढायचाय तर काढ, पण पुसायचं नाही. तुझं ते मऊ का काय, ते पुसूनच होतं ना?"

हा प्रश्न मला नीट झोंबला. १९७३ चा फोटो मऊ होता, हे तर मी लहानपणापासून बघत होते. मग माझ्यात आणि त्या स्टुडिओवाल्यात फरक काय? तो फोटो मी घरी आणला आणि भिंग घेऊन बसले.

पहिल्यांदा गजरा पाहिला. कॅमेऱ्यावर जाळी लावून किंवा मऊ लेन्सने फोटो काढला असता तर पांढऱ्या कळ्यांचा उजेड काळ्या केसांवर सांडायला हवा होता. इथे उलटं होतं. केसांचा काळेपणाच कळ्यांवर आणि मागच्या फिकट पडद्यावर उतरला होता, टिपकागदावर शाई उतरावी तसा. थोडा वेळ गोंधळले. मग डोक्यात उजेड पडला, की हे धुकं कॅमेऱ्यात झालेलंच नाही, डार्करूममध्ये एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करायच्या यंत्राखाली झालंय. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, केस पारदर्शक आणि गजरा काळा. एन्लार्जरचा उजेड सगळ्यात जास्त येतो तो केसांच्या जागेतून. लेन्सखाली जाळी किंवा चुरगाळलेला सेलोफेन धरला की तोच उजेड शेजारी पसरतो आणि कागदावर जिथे पडेल तिथे काळं करतो. म्हणून अंधार उजेडावर सांडतो. अशा फोटोंना एक उदासपणा असतो, काजळी धरल्यासारखा. आत्याच्या बावीस वर्षांच्या चेहऱ्यावर तो मला नेहमी जाणवायचा आणि मी तो तिच्या नशिबाच्या खात्यात मांडून मोकळी झाले होते.

मग वण कुठे गेले? त्याचं उत्तर बोरा बाजारात मिळालं. फोर्टातल्या त्या गल्लीत कॅमेऱ्यांची दुकानं आहेत आणि दुरुस्तीवाले आहेत. मुंबईत लेन्स बाळगणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी त्यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. दोन पावसाळे लेन्स कपाटात राहिली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. लोक लेन्सचे डबे तांदळात पुरतात, सिलिका जेलच्या पुड्या जमवतात, तरी धरतेच. अशाच एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसतात, त्यांनी तरुणपणी रिटचिंगचं काम केलंय. फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात तिरका धरला.

"पेन्सिल," म्हणाले. "चांगला हात आहे."

मग समजावून सांगितलं. चेहऱ्यावरचा खड्डा म्हणजे सावली, आणि सावलीची जागा निगेटिव्हवर पातळ असते. निगेटिव्ह रिटचिंगच्या तिरक्या टेबलावर ठेवायची, खालून उजेड, वर थोडं वॉर्निश चोळायचं म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं इंचभर बाहेर, काचकागदावर घासून सुईसारखं केलेलं. त्या टोकाने पातळ जागेत बारीक बारीक फराटे भरायचे. निगेटिव्हवर शिसं चढलं की कागदावर ती जागा उजळते आणि खड्डा बुजतो. एका चेहऱ्याला अर्धा तास. देवीचा असेल तर दोन तास.

"आणि मग धुकं कशाला?"

"फराटे दिसू नयेत म्हणून," ते हसले. "आमची पेन्सिल झाकायला."

म्हणजे पुसणारी पेन्सिल होती. धुक्याने फक्त तिचा माग पुसला. चर्चगेटच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या मला एवढं बरं वाटलं की दाराशी उभ्या असलेल्या बाईने दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

आता लेन्स हवी होती. इमागोनसारखी जुनी लेन्स बाहेरून मागवायची तर तेवढ्यात माझं दोन महिन्यांचं वाणसामान येतं. शिवाय मला आतून कुठेतरी वाटत होतं की ह्या कामाला साधं, एकाच काचेचं भिंग पुरेल. शंभर मिलिमीटरचं. शंभर मिलिमीटर म्हणजे दहा डायॉप्टर, चष्म्याच्या भाषेत प्लस दहा नंबर. हा हिशेब पाकिटामागे मांडत असताना पेन थांबलं. प्लस दहाचा चष्मा आमच्या घरात होता.

१९८१ साली आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यात आतून कृत्रिम भिंग बसवणं सर्रास नव्हतं. डोळ्यातलं भिंग काढून टाकायचे आणि त्याच्या बदली नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा द्यायचे. त्या पिढीतल्या निम्म्या आज्या आपल्याला आठवतात त्या ह्या चष्म्यामागच्या मोठाल्या डोळ्यांनी. ह्या काचांतून सगळं साधारण पावपटीने मोठं दिसतं आणि कडेचा एक पट्टा दिसतच नाही. आजी पहिले सहा महिने कपाच्या बाहेर चहा ओतत होती आणि दारातून आलेला माणूस एकदम अंगावर आल्यासारखी दचकत होती. ती गेल्यावर चष्मा आत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेला.

आत्याकडून तो मागून आणला. एक काच फ्रेममधून सोडवली. पीव्हीसी पाइपाचे दोन तुकडे, एकात दुसरा सरकेल असे. प्लंबरच्या दुकानातल्या पोऱ्याला 'कॅमेऱ्यासाठी पाहिजे' म्हटल्यावर त्याने शेठला हाक मारली, शेठने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि पैसे घेतले नाहीत. आतून काळा कागद. मागच्या तोंडाला कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं झाकण, मधे भोक पाडून चिकटवलेलं. पुढे आजीची काच. माणूस दीड मीटरवर बसवायचा तर सेन्सरपासून काच साधारण १०७ मिलिमीटरवर यावी लागते, तेवढी नळी. मग काळ्या कार्डाच्या चकत्या, एकीला तीस मिलिमीटरचं भोक, एकीला वीसचं, एकीला चौदाचं. चौथी इमागोनची नक्कल, मधे वीस आणि भोवती दाभणाने पाडलेली भोकं.

चकत्यांचं गणित गमतीचं आहे. कडेच्या किरणांनी होणारं धुकं भोकाच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. भोक निम्मं केलं तर धुकं निम्मं होत नाही, एक अष्टमांश होतं. म्हणून तीसवर सगळं दुधात बुडतं आणि चौदावर चष्म्याची काच एकदम शहाण्यासारखी वागायला लागते. काच उलटी बसवली की पुन्हा सगळं बदलतं. फुगीर बाजू माणसाकडे असेल तर धुकं कमी, आपल्याकडे असेल तर पुष्कळ. हे कळायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि घरातल्या तुळशीचे दोनशे फोटो झाले.

गणपती होऊन आठवडा झाला होता. दुपारी चारला गॅलरीतून येणारा उजेड आत्याच्या खोलीत तिरका पडतो. तिला दारापासून हातभर आत, उजेडाला जरा पाठमोरी बसवली. मागे सागवानी कपाट, काळपट. दुसऱ्या अंगाला थर्माकोलचा एक पत्रा टेकवला, बंदीच्या आधीच्या मखरातला, माळ्यावर राहून गेलेला. मऊ फोटोला उजेड मात्र कडक लागतो, हे मी ढगाळ दिवशी हात पोळून घेऊन शिकले आहे. सपाट उजेडात पसरायला काही नसतंच, मग सगळ्या फोटोवर नुसती साय धरते. आत्याच्या बाबतीत तर आणखी एक कारण होतं. वण म्हणजे खड्डे, ते समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरक्या उजेडात दिसतात.

मी नळी कॅमेऱ्याला लावत होते तेव्हा ती बघत होती.

"ही आईच्या चष्म्याची ना?"

"हो."

"आईनेच सांगितलं होतं त्या स्टुडिओवाल्याला, वण दिसता कामा नयेत म्हणून. पाच रुपये जास्त घेतले त्याने." मग थोड्या वेळाने, पदर सारखा करता करता, "ऑपरेशन झाल्यावर हा चष्मा आला. तेव्हा तिला माझे वण मोठे दिसायला लागले. रोज म्हणायची, पूर्वी एवढे नव्हते गं."

मी स्क्रीनवर डोळा मोठा केला. असल्या काचेत फोकस शोधणं म्हणजे गर्दीत ओळखीचा आवाज शोधणं. कुठेच एकदम स्वच्छ होत नाही. मला एक युक्ती सापडली आहे. डोळ्याच्या बाहुलीत उजेडाचा एक ठिपका असतो, आत्याच्या डोळ्यात गॅलरीचा चौकोन होता. नळी केसभर मागेपुढे करायची आणि वलयाकडे दुर्लक्ष करून तो चौकोन कधी सगळ्यात लहान, सगळ्यात ठाम होतो ते बघायचं. वलय मोठं असलं तरी हरकत नाही. चकतीही आधीच लावून ठेवायची, कारण भोक बदललं की अशा भिंगाचा फोकसही सरकतो. स्टँडवर कॅमेरा, शटर सेकंदाच्या साठाव्या भागाला. पन्नास वर्षांपूर्वी बसायची तशी आत्या कॅमेऱ्याच्या उजवीकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडे बघ. वर्गात दंगा करणाऱ्या पोराकडे बघावं तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

तीसच्या चकतीने आत्या देवघरातल्या तसबिरीसारखी झाली आणि गालावरचे वण उजेडात विरघळून गेले. चकती काढून ठेवली. चौदाने वण चोख आले, पण उजेड अंग चोरून बसला. चाळणीची चकती लावली. पांढरे केस कपाटाच्या अंधारात पेटल्यासारखे झाले, खांद्याची कड सुटून बाहेर आली, आणि गालावर, अर्ध्या उजेडात अर्ध्या सावलीत, एकेक वण आपापल्या जागी. प्रत्येकाच्या एका काठावर उजेडाची बारीक कोर होती. मी चाळीस फोटो काढले. शेवटी आत्या म्हणाली, आता चहा टाकते.

एकाच काचेचं भिंग रंगांनाही एका जागी आणत नाही, निळा अलीकडे मिळतो आणि तांबडा पलीकडे. कडांना जांभळी झाक येते. मी फक्त हिरव्या रंगाचा भाग ठेवून फोटो काळा-पांढरा केला आणि ती गेली.

माझा एक मित्र आहे, तो म्हणाला एवढा खटाटोप कशाला. काटेकोर फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याची एक प्रत वर ठेवायची, ती धूसर करायची आणि 'स्क्रीन' ह्या उजळवणाऱ्या पद्धतीने खालच्या फोटोत तीस टक्के मिसळायची. दोन मिनिटं. मी करून पाहिलं. वाईट नाही, घाईत मीही करते. पण आत्याच्या केसांवर ऊन पडलं होतं ती जागा काटेकोर फोटोत पांढरी होऊन संपली होती. सेन्सर पांढऱ्याच्या पुढे मोजत नाही, मग ते ऊन थोडं होतं की पुष्कळ होतं हे नंतर कॉम्प्युटरला कुठून कळणार? तो सगळ्या पांढऱ्याला सारखंच पसरवतो. काच खरं ऊन पसरवते, मोजदाद व्हायच्या आधी. जिथे जास्त तिथे जास्त. मित्राने दोन्ही फोटो बघितले आणि म्हणाला, फरक आहे, पण लोकांना कळणार नाही. ह्या 'लोकांना'वर मी चिडून दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

फोर्टातून मॅट कागदावर दहा बाय बाराची प्रिंट काढून आणली. आत्याने चष्मा लावला, हल्लीचा, हलका. कपाळापासून सुरुवात करून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मोजत खाली आली, वह्या तपासाव्यात तशी. डाव्या गालाशी थांबली.

"इथे एक कमी आहे."

"तो उजेडात गेलाय गं. कानाजवळ ऊन होतं ना."

"बरं." तिने प्रिंट जरा लांब धरली. "ह्याच्या लहान कॉप्या मिळतील?"

दिल्या. चार पासपोर्ट साइजच्या काढून दिल्या, मला वाटलं पाकिटात ठेवील, नाहीतर मैत्रिणींना वाटील. नोव्हेंबरात तिचा फोन आला. हयातीच्या दाखल्यासोबत बँकेने नवा फोटो मागितला होता आणि ही बया त्यातला एक चिकटवून घेऊन गेली होती. खिडकीतल्या मुलीने फोटो बघितला, आत्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं.

"म्हणाली, आजी, फोटो छान आहे पण चालणार नाही, चेहरा स्पष्ट पाहिजे." आत्या फोनवर इतकी हसत होती की मला निम्मं ऐकू येत नव्हतं. "पुन्हा नापास! आणि ह्या वेळी पोहेसुद्धा नाहीत!"

तिथून ती स्टेशनजवळच्या झटपट फोटोवाल्याकडे गेली. पाच मिनिटांत फोटो तयार. पोराने कॉम्प्युटरवर चेहरा घेतला, माउस दोनदा फिरवला आणि प्रिंटला लावणार तेवढ्यात आत्याने पडद्यावर पाहिलं. गाल कोरा.

"मी म्हटलं, अरे, माझे वण कुठे गेले? तो म्हणाला, आजी, आम्ही सगळ्यांचेच काढतो. म्हटलं, परत लाव."

"मग?"

"लावले की. एक बटण दाबलं, सगळे परत आले. मी विचारलं, ह्याचे जास्त किती? तर म्हणाला, ह्याचे काय घ्यायचे!"